गुलाबी मका

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "रंगनाथभाऊ, आफ्रिकेच्या सफारीवर लिहा. जरा हलकंफुलकं. सिंह, हत्ती, आपल्या लोकांच्या गमतीजमती." मी हो म्हणालो. तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो, पण हलकंफुलकं काही सुचेना. उलट कानशिलं तापायला लागली. मंग म्हटलं, जे येतंय तेच लिहू. छापायचं तर छापतील, न्हाई तर अंकात जाहिराती काय कमी असतात?

मी सहल व्यवस्थापक आहे. बावीस वर्षं हेच काम केलं. जन्म घनसावंगी तालुक्यातला, धनगराच्या घरातला. बाप मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाकाठानं हिंडायचा. मी कसाबसा बी.ए. झालो, जालन्यात एका तिकीटवाल्याच्या दुकानात लागलो आणि लोकांची तिकिटं काढता काढता लोकांबरोबर जायलाच लागलो. आज माझ्या पासपोर्टावर इतके शिक्के आहेत की विमानतळावरचा माणूस एकदा पासपोर्ट बघतो, एकदा माझं तोंड बघतो.

बाहेरच्यांना वाटतं, परदेशात जातात ते पुण्या-मुंबईचे. त्यांनी एकदा जालन्याला यावं. आमचं गाव बियाण्याचं. कंपन्या आपल्या दुकानदारांना टार्गेट देतात. इतक्या पिशव्या विकल्या तर बँकॉक, त्याहून जास्त विकल्या तर दुबई, आणि सगळ्यांवर कडी केली तर जोडीनं आफ्रिका, तीही साधीसुधी न्हाई. साध्या सफारीत माणूस गाडीत धूळ खात फिरतो. आमच्या दुकानदारांना नैरोबीहून छोट्या विमानानं थेट जंगलात उतरवतात आणि राजवाड्यासारख्या तंबूत ठेवतात. बदनापूरला जायचं तरी शेजाऱ्याला सांगून निघणारी माणसं एकदम मसाई मारात! यात हसण्यासारखं काही न्हाई. त्यांनी ती सहल विक्रीवर कमावलेली असते.

माझं काम काय, तर ही सगळी मंडळी धडपणे नेऊन धडपणे आणायची. पिवळ्या तापाची लस वेळेत टोचून घ्यायची, कारण तिचं कार्ड नसलं तर परत येताना आपलेच लोक अडवतात. पासपोर्टावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव एक आहे का बघायचं. कुणाला साखर आहे, कुणाला बी.पी. आहे, कुणाचं उपासाचं काय, कोण कांदा खात न्हाई. आणि निघायच्या आधी जालन्यात हॉलवर एक मीटिंग घ्यायची. तिच्यात मी गेली बावीस वर्षं तेच तेच सांगत आलोय, "बी, रोप, माती, कच्चं धान्य यातलं काहीही न्यायचं न्हाई. त्या देशात बंदी हाय." सगळे माना डोलवतात. मंग जेवणाच्या रांगेत उभे राहतात.

ज्या सहलीचं सांगतोय, त्या वर्षी नऊ दुकानदार होते, आपापल्या बायकांसह. शिवाय कंपनीचे एरिया मॅनेजर. त्यांचं नाव मी लिहिणार न्हाई, लिहायची इच्छाच न्हाई. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, मीही म्हणायचो. पुढच्या वर्षीची सहल कुणाला द्यायची हे त्यांच्या हातात होतं. ज्याच्या हातात पुढची सहल, त्याची गाठ सगळ्यांच्या जिभेला बसलेली असते.

छोट्या विमानाला एक अट असते. माणशी पंधरा किलो सामान, तेही मऊ कापडी बॅगेत. टणक सुटकेस त्याच्या पोटात बसतच न्हाई. हे मी मीटिंगमध्ये चारदा सांगितलं होतं. तरी नैरोबीच्या हॉटेलात बघतो तर अठरा माणसांच्या चौदा टणक सुटकेसा. मंग काय, लॉबीत फरशीवर बसलो आणि एकेकाचं सामान उपसून पंधरा-पंधरा किलोच्या पिशव्या भरायला घेतल्या. धपाटे निघाले, शेंगदाण्याच्या चटणीचे डबे निघाले, एकाच्या सुटकेसमध्ये सहा टॉवेल निघाले. "हॉटेलात टॉवेल असतात हो," म्हटलं, तर म्हणाला, "ते दुसऱ्यानं वापरलेले असत्यात."

दिगंबररावांची बॅग शेवटी आली. परतूरकडचे मोठे दुकानदार, कंपनीचे लाडके, साठीच्या आसपास, आवाज मोठा, मन वाईट न्हाई. त्यांच्या कपड्यांखाली माझ्या हाताला दोन पिशव्या लागल्या. अर्ध्या अर्ध्या किलोच्या, मक्याच्या बियाण्याच्या, सॅम्पलच्या.

"दिगंबरराव, हे काय?"

"सॅम्पल हाय, भाऊ. तिथं बी लोक मकाच खात्यात म्हने. एखाद्या शेतकऱ्याला देऊन येतो. बघू द्या त्यान्ला बी, जालन्याचं बी काय चीज हाय ते!"

"बंदी हाय. मी सांगितलं होतं बराबर."

"आवो, एक किलोनं काय इमान पडतंय का?"

बाहेरच्यांसाठी सांगतो. पेरायचा मका आणि खायचा मका यात फरक असतो. पेरायच्या बियाला औषध चोळलेलं असतं, मातीतल्या किड्यांनी खाऊ नये म्हणून. ते जहर असतं. म्हणून कुणी चुकून खाऊ नये यासाठी त्याला भडक गुलाबी रंग देतात. पिशवीवर कवटी छापलेली असते. पण आमच्याकडं कवटी बघायची गरज कुणालाच पडत न्हाई. गुलाबी दाणा म्हणजे काय, हे जालना जिल्ह्यातलं शेंबडं पोर सांगेल.

मला ते माहीत न्हाई असं म्हणायची सोय न्हाई. मी त्या पिशव्या हातात धरल्या होत्या. पण तोवर सतरा जणांशी हुज्जत घालून माझा घसा बसला होता, दिगंबररावांच्या मागं साहेब उभे होते आणि साहेब हसून म्हणाले, "जाऊ द्या हो भाऊ, हौस असते." मी पिशव्या टॉवेलात गुंडाळल्या आणि बॅगेची चेन माझ्या हातानं लावली.

कॅम्प काय वर्णावा! म्हणायला तंबू. आत लाकडी जमीन, पितळी नळाचा बाथटब, दोघांना लोळायला पुरेल असा पलंग, बाहेर नदीकडं तोंड करून ओटा. ओट्यावर बसून चहा प्यायचा आणि खाली पाणघोडे डुंबताना बघायचे. कॅम्पाला कुंपण मात्र न्हाई. हत्ती वाटलं तर तंबूंमधून चालत जातो. आमच्यातले एक जण चिडले. "येवढा खर्चा करत्यात अन् साधं कंपाउंड न्हाई?"

आमच्या तंबूंची देखभाल लेमायान नावाचा माणूस करायचा. मसाई, वय चाळिशीचं, ताडमाड उंच. आमच्या लोकांनी अर्ध्या तासात त्याचा 'लेमन' करून टाकला. "ए लेमन, गरम पानी! ए लेमन, इधर!" मी दोनदा सांगून पाहिलं की त्याला नाव आहे. स्वतःची नावं पासपोर्टावर एका अक्षरानं चुकली तर जे माझा जीव खातात, त्यांना दुसऱ्याचं नाव नीट घ्यायला काय जड जातं, मला आजवर कळलेलं न्हाई. तो मात्र दर वेळी हसून "येस, पापा" म्हणायचा.

पहिल्याच दिवशी त्यानं प्रत्येक तंबूत जाऊन एक गोष्ट दाखवली. तिथं काळ्या तोंडाची लहान माकडं असतात, आपल्या वानरांच्या निम्मी. त्यांना चेन उघडता येते. म्हणून तंबूच्या दाराच्या दोन्ही चेन खाली आणून एक आकडा अडकवायचा. तो अडकवला की माकडाच्या बापाला उघडत न्हाई. मी ते सगळ्यांना मराठीत समजावलं. तंबूत खायचं ठेवायचं न्हाई, हेही समजावलं. सगळ्यांनी माना डोलवल्या.

दुपारी मोकळा वेळ असायचा. लेमायान आणि मी स्वयंपाकघरामागं बसायचो. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच, कामापुरतं. माझा बाप मेंढरं राखायचा म्हटल्यावर तो सरसावून बसला. मेंढीचं वय कसं ओळखतोस, विचारू लागला. मी दोन बोटांनी स्वतःचा खालचा ओठ खाली ओढून दात दाखवले. तो खो खो हसला आणि त्यानंही तसाच ओठ ओढून दाखवला. बावीस वर्षांत इतक्या देशांत गेलो, पण माझ्या घरचं काम माहीत असलेला माणूस मला तिथं भेटला. त्यानं सांगितलं, मागच्याच महिन्यात सिंहानं त्याच्या दोन गाई मारल्या. कॅम्पाच्या मॅनेजरबाईंशी त्यावरून त्याची बोलाचाली झाली होती. कॅम्पामार्फत केलेला भरपाईचा अर्ज कुठंतरी अडकला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे सफारीला निघालो. आमच्या लोकांना 'बिग फाइव्ह' म्हणून पाच जनावरं बघायची असतात, सिंह, हत्ती, रानम्हैस, गेंडा, बिबट्या. तेही टार्गेटच. "चार झाले, गेंडा बाकी हाय," असा हिशेब गाडीत चालू होता. बिबट्याचं कुणाला अप्रूप न्हाई. "आमच्या अंकुशनगरच्या उसात लोळत्यात की!" म्हणे. गाड्या सुटताना दिगंबरराव ओरडले, "थांबा, थांबा, मोबाईल राह्यला!" पळत तंबूत गेले, मोबाईल घेऊन पळत आले. मी पुढच्या गाडीतून बघत होतो. दाराचं पाल वाऱ्यानं हलत होतं. आकडा अडकवला का, असं ओरडून विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण गेंड्याची बातमी आल्ती, ड्रायव्हरला घाई होती आणि मी काही बोललो न्हाई.

दुपारी परत आलो तर दिगंबररावांच्या तंबूची दुर्दशा झालेली. चिवडा ओट्यावर, धपाटे फांदीवर, टॉवेल नदीच्या उतारावर. सगळे पोट धरून हसले. फोटो काढले. दिगंबरराव मात्र हसले न्हाईत. घाईघाईनं आत गेले आणि आतून चेन लावून घेतली. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं. खरं तर समजलं होतं.

तासाभरानं स्वयंपाकघराकडून आरडाओरडा झाला. मी गेलो. झाडाखाली एक माकडीण बसली होती, अंग थरथर कापत होतं. तिच्या छातीशी पिल्लू होतं. पिल्लू मेलेलं होतं, पण ती त्याला सोडेना. तोंडाशी धरायची, चाटायची, पुन्हा छातीशी लावायची. पिल्लाच्या तोंडाभोवती गुलाबी रंग लागला होता. बोटांनाही. शेजारी आणखी दोन माकडं पालथी पडली होती. एक संध्याकाळपर्यंत गेलं.

आता तिथली रीत सांगितली पाहिजे. त्या भागात जहर म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा येतो. सिंहानं गाय मारली की एखादा रागावलेला गुराखी त्याच गाईच्या मढ्यात जहर घालतो. सिंह मरतो, गिधाडं मरतात, सगळं रान मरतं. त्यामुळं कायदा कडक आहे. आणि इथं कोण होता? गुराखी. त्याच्या दोन गाई सिंहानं मारलेल्या. मॅनेजरबाईंशी भांडलेला. आणि तो तंबूही त्याच्याच देखरेखीखालचा. झालं! माणसांनी दोन अधिक दोन केले.

हे मला नवीन न्हाई. लहानपणी आमचा मेंढरांचा तळ एखाद्या गावाबाहेर पडला आणि त्या गावात कुणाची कोंबडी जरी गेली, तरी लोक पहिले आमच्या तळावर यायचे. बापाच्या घोंगड्या उलट्या करून बघायचे. बाप बाजूला उभा राहायचा. लेमायान त्या दुपारी तसाच उभा होता. एवढंच म्हणाला, "मी दार बंद केलं होतं."

चहाच्या वेळी मॅनेजर, वांजिरूबाई, आमच्या साहेबांना म्हणाल्या की मला सगळ्या पाहुण्यांशी बोलायचंय. साहेबांनी बायकांना परस्पर मण्यांच्या माळा बघायला पाठवून दिलं. "त्यान्ला इंग्रजी येत न्हाई, उगी घाबरतील," म्हणाले. जेवणाच्या मोठ्या तंबूत नऊ दुकानदार, साहेब आणि मी. दाराशी लेमायान, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन पहारेकरी. वांजिरूबाईंनी टेबलावर पांढरी बशी ठेवली. बशीत सहा-सात दाणे. गुलाबी.

"हे आम्हाला झाडाखाली सापडलं. तुमच्यापैकी कुणी हे ओळखतं का?"

त्या तंबूत किती वर्षांचं बियाणं बसलं होतं म्हणता? या माणसांनी लाखांनी पिशव्या विकल्यात. डोळे बांधून हातात दाणा दिला तर वाण सांगतील. कुणाच्या बंगल्याचं नाव बियाण्यावरून, कुणाच्या पोरीचं लग्न बियाण्यावर झालेलं. आणि सगळे त्या बशीकडं असं बघत होते, जसं काही चंद्रावरून दगड आणलाय.

मी प्रश्नाचं भाषांतर केलं. मोठ्यानं केलं. "बाई विचारून राह्यल्यात, हे दाने कुनी वळखतं का?"

एकानं घड्याळ बघितलं, एकानं चहात बिस्कीट बुडवलं. दिगंबरराव जमिनीकडं बघत होते, मान लाल झाली होती. साहेब मात्र माझ्याकडं बघत होते. नुसते बघत होते. मंग तेच इंग्रजीत म्हणाले, "न्हाई मॅडम. इथलंच काहीतरी रानटी फळ असावं."

वांजिरूबाई मला म्हणाल्या, "तुमच्या लोकांचं सगळ्यांचं हेच म्हणणं आहे? कुणालाच माहीत नाही?"

आणि मी म्हणालो, "न्हाई. कुणालाच माहीत न्हाई."

कसली माणसं आपण, मी विचारतो! माकड मेलं, चूक झाली, मान्य. चूक कुणाच्या हातून होत न्हाई? "माझ्या बॅगेतलं होतं, चुकलं," एवढे शब्द. दंड झाला असता, कंपनीनं भरला असता, चार दिवस चर्चा झाली असती. त्या बदल्यात समोर एका माणसाची भाकरी जाऊन राह्यली, त्याला बेड्या पडायची वेळ आली, आणि आपल्याला पडली कंपनीच्या नावाची आणि पुढच्या वर्षीच्या सहलीची. बाहेर पडल्यावर एक जण मला हळूच म्हणतो, "बरं झालं, भाऊ, निस्तरलं तुम्ही." मी निस्तरलं! त्या शब्दाची मला आजही शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन वेगळाच मुलगा आला. मी ओट्यावर बसलो होतो तेवढ्यात दिगंबररावांच्या बायको, कौसाबाई, आल्या. डोक्यावर पदर, पायात सहलीसाठी घेतलेले पांढरे बूट. तीन दिवसांत माझ्याशी चार वाक्यंही बोलल्या नव्हत्या.

"भाऊ, त्यो च्यावाला दादा आज कुठाय?"

मी म्हणालो, "गेला." त्या हलल्या न्हाईत. मंग सांगितलं. विमानाच्या पट्टीशेजारच्या खोलीत बसवलाय, दहा वाजता वनखात्याची गाडी येणार, त्याला घेऊन जाणार. का, तेही सांगितलं. बशीचं सांगितलं. कोण काय बोललं, मी काय बोललो, सगळं सांगितलं. कसं कोण जाणे, त्या बाईपुढं लपवता येईना.

त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"मला म्हनले, माकडानं चिवडा खाल्ला. पिशव्या माझ्याकडं दिल्या, म्हनले पर्समधी ठेव, कुनाला दाखवू नको. मला वाटलं, बंदी हाय म्हनून." मंग म्हणाल्या, "भाऊ, मी बारा वर्सं हातानं एकेक दाना मातीत खोचून मका टोबलाय. दुकान मागून झालं. पोरगी अंगावर पीत व्हती तवा पेरनीहून आलं की आधी मातीनं हात घासायची, मंग राखेनं, मंग साबनानं, अन् तरी बी पोरीला घ्यायला जीव धजायचा न्हाई. ती पाळन्यात वरडायची अन् मी हात धुवत राह्यची. मला शिकवत्यात का ह्ये, गुलाबी काय असतंय ते?"

"वहिनी, साहेब..."

"साहेबाला घाला चुलीत! त्या बाईकडं चला माझ्यासंगं. मला बोलता येत न्हाई, तुमाला येतंय. मी म्हनल तसंच्या तसं सांगायचं. मधी काय बी घालायचं न्हाई, काढायचं न्हाई."

आम्ही निघालो. वाटेत दिगंबररावांनी बघितलं. "कौसा, कुठं निघाली?" त्यांनी वळूनही बघितलं न्हाई. जेवणाच्या तंबूत सगळे नाश्त्याला बसले होते, साहेबही होते. वांजिरूबाई कॉफी घेत होत्या. कौसाबाईंनी पर्स उघडली, दोन्ही फाटक्या पिशव्या काढल्या, घड्या उलगडल्या आणि बाईंच्या बशीशेजारी कवटी वर येईल अशा ठेवल्या.

"हे आमचं हाय. माझ्या नवऱ्यानं आनलं. त्यो दार लावायचं इसरला. माकडं मेली ती आमच्यामुळं. त्या दादाचं काही न्हाई. त्याला सोडा."

मी तसंच्या तसं सांगितलं. मधे काही घातलं न्हाई, काढलं न्हाई. मंग माझं म्हणून दोन वाक्यं सांगितली. ही बॅग नैरोबीत मीच भरली, आणि काल मी तुमच्याशी खोटं बोललो.

साहेब ताडकन उठले. "वहिनी, कंपनीचं नाव हाय त्याच्यावर! काय कळतंय का तुमाला?"

"पिशवीवर तुमीच छापलंय ना नाव?" कौसाबाई म्हणाल्या. "मंग आता लाज कशाची?"

मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली, मंत्र्यांचीही ऐकली. एवढं सरळ कुणी बोललेलं मला आठवत न्हाई. बाकीचे आठ दुकानदार अंडी खात होते. एकानंही तोंडातला घास थांबवला न्हाई. आणि गंमत म्हणजे, साऱ्यांना एकदम मराठीत आठवलं. "हां हां, ते तर ट्रीटमेंटचं बी दिसतंय," म्हणे. "बराबर, मकाच हाय!" आदल्या संध्याकाळी यांची वाचा कुठं गेल्ती?

जबाब झाले, कागद झाले, सह्या झाल्या, दंड झाला. वांजिरूबाईंनी आवाज चढवला न्हाई. एवढंच म्हणाल्या, "आमच्या इथं पाहुण्याच्या शब्दावर कामगाराची नोकरी ठरते. तुम्ही हे लक्षात ठेवा." मला वाटतं ते त्या मलाच म्हणाल्या. दिगंबरराव सही करताना रडले. नंतरच्या सबंध प्रवासात मात्र ते कौसाबाईंशी एक शब्द बोलले न्हाईत, आणि विमानात बाकीच्या बायकांनीही त्यांच्या शेजारी बसायचं टाळलं. जालन्यात कंपनीचा समारंभ झाला तेव्हा पडद्यावर सफारीचे फोटो दाखवले. सिंहाचा होता, गेंड्याचा होता, चिवड्याचा पसारा बघून हसणाऱ्या मंडळींचाही होता. दिगंबररावांना शाल मिळाली. कौसाबाई आल्या नव्हत्या. कंपनीच्या सहली मला पुन्हा मिळाल्या न्हाईत, त्याचं मला बिलकुल दुःख न्हाई. पण तो फोटो टाळ्यांच्या कडकडाटात दाखवायला त्यांना काहीच कसं वाटलं न्हाई, याची चीड अजून गेलेली न्हाई.

पण सगळा राग दुसऱ्यांवर काढून मोकळा झालो तर तोही खोटेपणाच होईल. म्हणून शेवटच्या सकाळचं सांगतो.

लेमायानला त्याच दिवशी दुपारी कामावर परत घेतलं होतं. निघायच्या दिवशी तो आमचं सामान गाडीत चढवायला आला. अंगावर तोच स्वच्छ गणवेश. कौसाबाई त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. हात जोडले आणि म्हणाल्या, "दादा, चुकलं आमचं." मी भाषांतर करणार तेवढ्यात त्यानं हात वर करून मला थांबवलं. त्याला ते समजलं होतं. त्यानं वाकून त्यांचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले.

त्या गाडीत जाऊन बसल्या. आम्ही दोघंच राहिलो. मी म्हणालो, "लेमायान, मला काही बोलायचंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. चिडलेला नव्हता. खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं त्यानं विचारलं, "त्या दिवशी तंबूत बाईंनी बशी ठेवली, तेव्हा ते काय आहे हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग तू त्या लोकांना कशाला विचारत होतास?"

त्यानं वाकून माझी बॅग उचलली आणि गाडीत ठेवली.